आईच्या नजरेची मोजदाद

एकदा एका शिष्येवर आपल्या आईचीच परीक्षा घेण्याची वेळ आली.

ती एका वृद्ध आचार्यांपाशी शिकत होती. बोललेले माणसाला कळते म्हणजे मनात नेमके काय होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आपण बायका हातात अक्षता धरून कहाणी ऐकतो, तेव्हा विहीर म्हटली की विहीर दिसते, काठचे शेवाळ तळपायाला गार लागते. असे चित्र ऐकणाऱ्याच्या मनात खरोखर उभे राहते का, आणि राहत असेल तर बाहेरून ते ओळखायचे कसे, यासाठी ती शिष्या कसोट्या रचीत असे.

तिची एक कसोटी अशी होती. 'घार आभाळात फिरत होती' असे वाक्य ऐकवायचे आणि लगेच घारीचे चित्र दाखवायचे. कधी पंख पसरलेली घार, कधी पंख मिटून बसलेली. ही वाक्यात होती का, एवढेच विचारायचे. मनात पसरलेले पंख आधीच आले असतील, तर तसे चित्र पाहून 'हो' जरा लवकर येते. पाठशाळेतल्या मुलांवर ही कसोटी चांगली चालली होती.

मग तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले. डोळे तेवढे उघडे राहिले. थोरला भाऊ शहरात असे. तो म्हणाला, "तिला आपलं बोलणं कळत असेल तर मी तिला या घरातून हलवणार नाही, वाटेल ते करीन. पण कळतच नसेल, तर इथली खाट काय आणि शहरातल्या शुश्रूषागृहातली काय. तू यातलंच शिकतेस ना, मग तूच सांग. द्वादशीला येतो."

आईला 'हो' म्हणता येत नव्हते. म्हणून शिष्येने कसोटी बदलली. वाक्य ऐकवायचे, दोन्ही चित्रे समोर धरायची आणि नजर कोणत्या चित्रावर किती वेळ ठरते ते मोजायचे. नऊ दिवस तिने मोजले. जुळणारे चित्र असो वा न जुळणारे, नजर सारखीच ठरे आणि सारखीच ढळे.

दहाव्या दिवशी तिने वही आचार्यांपुढे ठेवली. "गुरुजी, लिहून टाकते आता. आईच्या मनात काही उमटत नाही."

आचार्यांनी वही उघडलीच नाही. "तुमच्या आळीत सगळ्यात बोलकं कोण गं?"

"चंपूमावशी. का?"

"चल, त्यांची कसोटी घेऊ. आईची घेतलीस अगदी तशी. उताणं निजायचं, बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत."

"गुरुजी, त्या धडधाकट आहेत. आणि द्वादशी परवावर आली."

"म्हणूनच आज जाऊ."

शिष्येला हे काही पटले नाही, पण ती गेली. चंपूमावशी चटईवर आडव्या झाल्या. "माझं तोंड बंद करणं सासूबाईंना तीस वर्षांत जमलं नाही, आणि तू करायला निघालीस? बरं, घे."

वाक्ये झाली, चित्रे झाली. शिष्येने आकडे मांडले. मावशींची नजरसुद्धा सगळ्या चित्रांवर सारखीच ठरली होती.

"झालं का? बोलू?" मावशी उठून बसल्या. "ती घार म्हणालीस ना, तेव्हा मला माहेरच्या कोंबडीची पिल्लं दिसली. मी आपली त्यांच्यावर झाकायला डालगं घेऊन धावतेय, पिल्लं सापडेनात. तुझी चित्रं कुठं बघू? आणि 'कांदा कढईत पडला' काय? चातुर्मासात माझ्या कढईत कांदा शिरत नाही. जीव नुसता चरकला."

परतताना आचार्य वाटेत थांबले. "मावशींना दिसलं का काही?"

"माझ्या चित्रांपेक्षा कितीतरी जास्त दिसलं."

"आणि वहीत काय लिहिलं गेलं असतं?"

शिष्येने हातातली वही मिटली.

आचार्य म्हणाले, "मुलांवर चालली ती तोंडी उत्तराची कसोटी. नजरेची ही निराळी. जिच्या मनातलं विचारून घेता येतं, तिच्यावर ती आधी लावून पाहायची होती. तू एकदम मुक्या माणसापाशी नेलीस. मावशींचं मन चित्रापाशी थांबलंच नाही, पुढे निघून गेलं, आणि तुझं माप मागे राहिलं. कसोटी नापास झाली, मुली. तुझी आई नाही."

शिष्येचे डोळे भरले. "म्हणजे आईलाही दिसत असेल?"

"ते मी म्हटलेलं नाही."

"दुसरी कसोटी रचते मग."

"रच. तिला वर्ष लागेल, दोन लागतील. तीही मुकीच राहील कदाचित. आईच्या आत काय आहे, हे कुणालाच कधी कळणार नाही, असंही होईल. मला याहून चांगलं काही सांगता येत नाही. दुःखाने 'नाही' लिहू नकोस आणि मायेने 'हो' लिहू नकोस."

द्वादशीला भाऊ आला. आईच्या खाटेशी उभा राहून त्याने विचारले, "काय ठरलं? कळतं का तिला?"

"माझ्या कसोटीला सांगता आलं नाही."

"म्हणजे नाहीच."

"म्हणजे मला माहीत नाही, दादा. कळत असेल. नसेल."

भाऊ थकल्या आवाजात म्हणाला, "माहीत नाही एवढ्यावर मी दोन घरं कशी चालवू? गाडी सांगितली आहे मी."

शिष्येने हट्ट धरला नाही. तिच्या हाती धरण्याजोगे काही नव्हतेच. ती एवढेच म्हणाली, "ने. पण तिला सांगून ने."

भावाने तिच्याकडे पाहिले. मग तो गुडघे टेकून खाटेशी बसला आणि आईच्या कानाशी वाकला. "आई, तुला शहरात नेतोय गं. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. सकाळचं ऊन येतं. मी रोज संध्याकाळी..."

आईचे डोळे आढ्याकडे होते, तसेच राहिले. या वेळी ते कुणी मोजले नाहीत.

ज्या मनाचा ठाव आपल्या मापाला लागत नाही, त्याच्या उशाशी ते ऐकते आहे असे धरूनच बोलावे.