चौंडेश्वरीची पंगत

विणकर कोष्ट्यांच्या पेठेत आलेल्या राजाला दिवाणजी ऐटीत म्हणाले, "सरकार, चावडीवर एकही माणूस बेकार बसलेला दिसत नाही. मजुरीही चढली आहे. आता दरबारी कापडाचं काम इथे कशाला द्यायचं?"

राजाला ते पटलं. पेठेतल्या म्हाताऱ्या आवडाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी दोघांना कोष्ट्यांच्या कुलदेवीच्या, चौंडेश्वरीच्या उत्सवाच्या जेवणाला बोलावलं. त्या पंगतीत पेठेतल्या प्रत्येकाचं पान वाढायची रीत होती, मग तो हजर असो वा नसो.

राजा बघतो तर निम्म्या पानांवर पुरणपोळी वाढलेली आणि पाटावर कोणीच नाही.

"ही माणसं कुठायत?"

"कामाच्या शोधात परमुलखात गेलीत, सरकार. मागे उरले थोडे, म्हणून मजुरी चढली. पण दिवाणजींच्या नजरेनं बघा, या पानांवरही कोणी उपाशी बसलेलं दिसत नाही!"

राजानं तिथेच फौजेच्या तंबूंचं कापड पेठेला विणायला दिलं. माणसं परतली.

त्यांत माझे खापरपणजोबा होते. आवडाबाईंना जाऊन पिढ्या लोटल्या, तरी आमच्या पंगतीत पहिलं पान त्यांचंच वाढतात. रिकामं राहतं ते तेवढंच.