शेजाऱ्याला विचारून

पौषातली थंडी होती. चार-पाच दिवस आभाळ दाटलेलंच. त्या दिवशी दुपारून जरा उघडलं. ऊन पडलं, पण पातळ. वारा त्यातून आरपार जायचा.

"...मग एवढे मोठमोठे घुमट आजूबाजूला असताना तुम्ही उघड्यावर निजायचं? लोक मला काय म्हणतील, बाबा?"

विचारणारे रुस्तुमराव. निम्म्या शहराच्या इमारती त्यांनी बांधलेल्या. मिठूशा फकीर हे त्यांचे गुरू. वयानं वाकलेले, छातीत खोकला. राहायला त्या जुन्या कबरस्तानातच, जिथले घुमट बघायला लांबलांबून माणसं येतात.

मी शेळ्या घेऊन जवळच बसलो होतो. कानावर आलं ते सांगतो.

"निजायचं म्हणजे?" मिठूशांनी विचारलं.

"म्हणजे... पुढं. कधीतरी."

"मेल्यावर म्हण की. त्या शब्दानं मला थंडी वाजत नाही."

रुस्तुमराव खाली बघू लागले. खाली त्यांनी सकाळीच पांढरी फक्की मारून पायाची आखणी करून घेतली होती. मोठ्या घुमटाशेजारची मोकळी जमीन ती. पहार-कुदळी घेऊन गडी उद्या यायचे होते. गुरूंनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

"हा पाया. वर घुमट, त्या मोठ्यापेक्षा हातभर उंच. आत सगळा संगमरवर."

"दारावर नाव?"

"तुमचं, बाबा."

"आणि त्याच्या खाली?"

"खाली... बारीक अक्षरांत माझं."

"किती बारीक?"

रुस्तुमराव चपलेनं फक्कीची रेघ सारखी करू लागले.

दिवस कलला होता. मोठ्या घुमटाची सावली सरकत मिठूशांच्या पायांवर आली. ते उठले, बसायचं पोतं उचललं आणि पलीकडं उन्हात टाकून पुन्हा बसले.

घुमट बघायला गेलेली माणसं तळहात चोळत बाहेर आली. "आत लई गारठा आहे बाई," त्यातली एक म्हणाली.

"थट्टेवारी नेऊ नका, बाबा." रुस्तुमरावांचा आवाज उतरला. "वडिलांची राख नदीत सोडली. आता आठवण आली की कुठं तोंड करून बसावं, कळत नाही. तुम्ही गेल्यावर मी यायचं कुठं?"

मिठूशांनी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"आज कुठं शोधलंस मला?"

"त्यात शोधायचं काय? ऊन असेल तिथं तुम्ही असता."

मिठूशांनी मान हलवली. मग फक्कीकडं बोट केलं.

"ही जागा का घेतलीस?"

"रिकामी होती."

"शेजाऱ्याला विचारलंस? लोकांची घरं बांधताना विचारतोस ना, बाबा रे, तुझा उजेड अडतो का, वारा अडतो का?"

"इथं कोण शेजारी?"

मिठूशांनी माझ्या शेळीकडं बघितलं. फक्कीच्या आत एक दगड अर्धा मातीत गेलेला होता. त्यालाच मी तिचं दावं बांधलं होतं. मी घाईनं सोडायला उठलो.

"असू दे रे. त्याची तक्रार नाही," मिठूशा म्हणाले.

रुस्तुमराव उकिडवे बसले. हातानं दगडावरची माती झाडली. खालून कमळाच्या पाकळ्या निघाल्या. दगडात हयात गेलेला माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही.

"हा तर घुमटाच्या माथ्यावरचा..." ते म्हणाले आणि थांबले. चौफेर बघितलं. सपाट जमीन, थोडं वाळलं गवत, माझ्या शेळ्या.

"कोण होता, बाबा?"

"ते त्याला आठवत नाही."

रुस्तुमराव कसंनुसं हसले. "मग तुम्हीच विचारून बघा त्याला. बांधू का नको."

मिठूशांनी तळहात जमिनीवर ठेवला आणि तसाच राहू दिला...

सावली पुन्हा आली. मिठूशांनी पोतं पुन्हा पुढं ओढलं. या वेळी अर्धं मोकळं सोडून ते कडेला बसले. रुस्तुमराव थोडं घुटमळले, मग चपला काढून त्या अर्ध्यावर टेकले.

"काय म्हणाला?"

मिठूशांनी डोळे मिटून तोंड उन्हाकडं केलं.

"म्हणाला, माझा घुमट पडला तेव्हा कुठं अंगाला ऊन लागलं."