तांबडी हलली नाही

"आबा, ही बसत का नाही?"

खोचरे सरांनी म्हाकूआबांना हे विचारलं, तेव्हा मी चार हातांवर उभा होतो. ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. आईशप्पथ.

म्हणजे, त्या दिवशी मी मेहुण्याच्या साखरपुड्याला दहिवडीला गेलो होतो. पण गोष्ट मला दोघांनीही सांगितली, आणि दोघांचं जिथं जुळत नव्हतं तिथं मी जुळवून घेतलं. याहून खरं ते काय असतं?

तर खोचरे सर. आमच्या हायस्कुलातले पी.टी.चे शिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात वेताची छडी. आठवी ब हा अख्खा वर्ग त्यांनी एका शिट्टीत गप्प केलेला मी पाहिलाय. आठवी ब म्हणजे काय चीज आहे, हे आमच्या गावाबाहेर कुणाला सांगून पटायचं नाही.

आणि म्हाकूआबा. मेंढपाळ. वय ऐंशीच्या पुढं. सगळा जन्म मेंढरांच्या मागं आणि कुत्र्यांच्या सोबत गेलेला.

सर आबांकडे शिकायला आले नव्हते. आबांकडून 'हो' वदवून घ्यायला आले होते.

सरांच्या आईचे डोळे काचबिंदूनं गेले. पाण्याच्या पाटापलीकडं तिची धाकटी बहीण राहते. दिवसातून एकदा तिच्या ओट्यावर टेकून आल्याशिवाय म्हातारीला घास गिळत नाही. दिवाळीच्या सुटीत सर स्वतः हात धरून नेत होते. सोमवारी शाळा उघडणार होती.

म्हणून तिला वाट दाखवायला सरांनी कुत्र्याचं पिल्लू वाढवलं होतं. नाव कॅप्टन. वय आठ महिने.

म्हातारी म्हणाली होती, "म्हाकू हो म्हणाला, तरच मी त्या पिल्लाच्या दोरीला हात लावीन. न्हाईतर घरात बसंन."

घरात बसणं म्हणजे काय, ते सरांना ठाऊक होतं. त्यांचे वडील असेच एकदा घरात बसले, ते उठलेच नव्हते.

सरांनी शिट्टी फुंकली.

"कॅप्टन, सावधान!"

पिल्लू ताठ. बस म्हटलं, बसलं. झोप म्हटलं, झोपलं. लोळ, ऊठ, हात दे, थांब, ये, चल. मागच्या दोन पायांवर उभं राहून त्यानं आबांना सलामसुद्धा ठोकला. एकवीस हुकूम, एकही चुकला नाही.

सर सतरा म्हणतात. चार माझे.

आबा कोकराच्या खुरातला काटा काढत होते. खूर हातात तसाच धरून बघत राहिले.

"झकास," ते म्हणाले. "लई गुणी लेकरू हाय."

ते मनापासून बोलले. पण सरांना तेवढं पुरेना. जवळच आबांची म्हातारी कुत्री उभी होती, तांबडी. तिचा एक कान फाटलेला. लांडग्यानं फाडला असं मी सगळ्यांना सांगतो. कॅप्टनला बाभळीला बांधून सर तिच्याकडं वळले.

"बस!"

तांबडीनं त्यांच्याकडं पाहिलं. घरी आलेला पाहुणा मोठ्यानं बोलायला लागला की आपण बघतो, तसं.

"बस!... आबा, ही बसत का नाही?"

"भुई तापलीया," आबा म्हणाले.

"पण मी बस म्हणालो ना."

"तू म्हनलास. भुई तापलीया ती तापलीयाच."

सर हसले. "म्हणजे तुमच्या कुत्रीला काहीच येत नाही."

"येतं की. येक येतं."

"कोणतं?"

आबांनी कोकरू खाली ठेवलं आणि डोक्याचा पटका सोडला. सरांच्या डोळ्यांवर चार वेढे घालून घट्ट बांधला. तीनदा गोल फिरवलं. खांद्याला धरून शंभरेक पावलं चालवत नेलं, आणि तांबडीची दोरी त्यांच्या हातात दिली.

"म्हन तिला, चल."

"चल," सर म्हणाले.

दोरी हलली नाही.

"चल! तांबडे, चल!"

...

सरांनी दोरीला हिसका दिला. तांबडी वळली आणि त्यांच्या गुडघ्यांना आडवी येऊन उभी राहिली. त्यांनी शिट्टी फुंकली. माळावरच्या तीनशे मेंढरांनी माना वर केल्या. पलीकडं बाभळीला बांधलेल्या कॅप्टननं शिट्टी ऐकून आपल्या आपणच सावधान केलं, मग लोळण घेतली, मग सलाम ठोकला. तांबडी जागची हलली नाही.

सरांनी छडी उचलली. आबांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच छडी तिच्या पाठीवर बसली.

तांबडीनं कुंई केलं नाही. ती गुडघ्यांना आणखी चिकटली, एवढंच.

"बघा आबा! मारलं तरी ऐकत नाही!" असं म्हणत सरांनी जिंकल्यासारखा पटका ओढून काढला.

तांबडीच्या पलीकडं वीतभर जमीन होती.

त्यापुढं विहीर. बिनकठड्याची, साठ हात खोल.

...

वारा होता, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा होत्या.

मग आबा म्हणाले, "आता तुझा कॅप्टन आन. बांधतो पटका."

सरांनी बाभळीकडं पाहिलं. कॅप्टन कान टवकारून, शेपूट हलवत, डोळ्यांत प्राण आणून हुकमाची वाट बघत होता. असं पिल्लू दहा गावांत नव्हतं.

सर उठले नाहीत. ते कधी खाली बसले होते, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही.

"बांधू न्हवं?"

"नको."

"का रं? ऐकतंय की समदं."

"ऐकेल," सर म्हणाले. "चल म्हटलं की... ऐकेल."

आबांनी मागं मागं आलेल्या कोकराला हाकललं. ते लंगडत आईकडं गेलं.

"कवाच अडलं न्हाई व्हय तुझं पिल्लू?"

"एकदा. तीन महिन्यांचं होतं तेव्हा. पाटावर फळी आहे बघा, तिथं. बसूनच राहिलं. काही केल्या पाऊल टाकेना."

"मंग?"

"दोन छड्या दिल्या. गेलं मुकाट. त्यानंतर आजतागायत अडलं नाही."

"आन् फळी?"

"फळीचं काय?"

आबांनी पाटाच्या दिशेनं मान वळवली.

"फळी..." सर म्हणाले. "आठवड्यानं मोडली. मधोमध. नवी टाकली लोकांनी."

हे त्यांनी आजवर पन्नास जणांना सांगितलं असेल. फळीचं वेगळं आणि पिल्लाचं वेगळं. दोन्ही एका दमात पहिल्यांदाच सांगितलं.

...

सर तांबडीजवळ सरकले. जिथं छडी बसली होती तिथं त्यांनी हात ठेवला. तांबडीनं हात हुंगला, भुईवर पाय ठेवून पाहिला, आणि मग त्यांना पाठ टेकून सावकाश खाली बसली. भुई निवली असावी.

माणूस गर्विष्ठ होता, पण मनानं लहान नव्हता. एवढं मी सरांच्या बाजूनं म्हणेन. त्यांनी आपली छडी दोन्ही हातांत धरून बघितली. पंधरा वर्षांची छडी, तेलपाणी केलेली. ती त्यांनी विहिरीत टाकली. कितीतरी वेळानं खालून डुबुक आवाज आला.

"मास्तर," आबा म्हणाले, "माझ्या विहिरीत कचरा टाकू नगंस."

सरांना हसू आलं. लगेच ते ओसरलं.

"आबा, आईला काय सांगू? सोमवार परवावर आलाय. ह्याला अडायला कसं शिकवू मी दोन दिवसांत?"

आबा बाभळीपाशी गेले. कॅप्टनची दोरी सोडून सरांच्या हातात दिली. "चल. फाट्यापातर येतो तुझ्यासंगं."

इथं मला एक कबुली द्यायची आहे, कारण पुढचं खोटं वाटलेलं मला चालणार नाही.

विहीर साठ हात खोल नव्हती. बुजत आलेली होती, फार तर पुरुषभर. तिच्यात पाणीही नव्हतं, तेव्हा डुबुक मी घातला. आणि लांडग्याचं म्हणाल, तर तांबडीचा कान तारेच्या कुंपणात फाटला होता. छडी मात्र खरोखर गेली. आणि पुढचं मी रचलेलं नाही. मी रचलं असतं, तर तिथं निदान एक साप तरी ठेवला असता.

नांगरटीच्या कडेकडेनं तिघं निघाले. कॅप्टन पुढं, मागं सर, त्यांच्या मागं आबा. तांबडी मेंढरांपाशी राहिली. वाट सपाट, ऊन उतरतं. सर पहिल्यांदाच हुकूम न देता चालत होते. त्यामुळं कॅप्टन सारखा वळून त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

निम्म्या वाटेत तो थांबला.

"चल," सर म्हणाले. सवयीनं.

कॅप्टन हलला नाही.

सरांचा हात वर गेला. तोही सवयीनं. हातात काही नव्हतं, पण पिल्लाला तो हात ठाऊक होता. त्यानं डोळे गच्च मिटले. अंग थरथरायला लागलं. पाय मात्र त्यानं भुईत रोवल्यासारखे ठेवले होते.

सरांनी हात खाली घेतला.

त्यांनी पुढं जाऊन पाहिलं. गवत बाजूला केलं. पायानं दाबून पाहिलं, दगड उलटून पाहिला. भोक नाही, खड्डा नाही, काटा नाही. घट्ट, कोरडी, चांगली जमीन.

"आबा, इथं काहीच नाही. उगाच अडलंय."

"आसंल उगाच."

"मग काय करू?"

"वळसा घाल."

सर पिल्लाकडं बघत राहिले. पिल्लानं एक डोळा उघडला.

मग खोचरे सरांनी, आठवी ब ज्यांना थरथर कापते त्या खोचरे सरांनी, दोरी सैल सोडली आणि नांगरटीच्या ढेकळांत उतरून, चपला हातात घेऊन, त्या चांगल्या जमिनीला भलामोठा वळसा घातला. कॅप्टन त्यांच्या पुढं होता. आता तो मागं वळून बघत नव्हता.

आबा तिथूनच माघारी फिरले. पाठ वळवूनच म्हणाले,

"सोमवारी जाऊ दे म्हातारीला."