हिरडगडच्या संगणकातला दिवाणखाना

हिरडगडच्या सरकारांना त्यांच्याच राजवाड्यात, त्यांच्याच संगणकावर एक फाइल उघडेना. पडद्यावर अक्षरं उमटली : 'आपल्याला परवानगी नाही. ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.'

"हा कोण?" सरकारांनी विचारलं. "बोलवा त्याला."

कारभारी टिपणीस खाली मान घालून म्हणाले, "तो मीच, सरकार. संगणक बसवणाऱ्यानं मुख्य खातं माझ्या नावानं काढलं."

"म्हणजे आम्ही तुमच्याकडे परवानगी मागायची?"

टिपणीसांनी मान आणखी खाली घातली.

संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती, पण ही बातमी सरकारांपर्यंत अजून नीटशी पोचली नव्हती. राजवाड्यात संगणक एकच. त्यावर सरकारांचं खातं वेगळं, त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कासाहेबांचं, वेगळं. मागे सरकारांनी आक्कासाहेबांच्या एका पत्रातलं शुद्धलेखन सुधारलं होतं. त्या दिवसापासून दोघांनी आपापले पासवर्ड लावले आणि बोलणं बंद केलं. आता युवराजांचं लग्न चार दिवसांवर आलेलं. पाहुण्यांची यादी सरकारांच्या खात्यात, जेवणाचा बेत, म्हणजे ती न उघडणारी फाइल, आक्कासाहेबांच्या खात्यात, आणि आचारी दारात बसलेला.

सरकारांनी फर्मान काढलं. "आमची यादी आक्कासाहेबांना दिसली पाहिजे, त्यांचा बेत आम्हाला. पासवर्ड कोणी सांगायचा नाही. कागदावर छापायचं नाही, ही काय वाण्याची यादी आहे? पेनड्राइव्ह खिशात घालून कोणी हिंडायचं नाही. आणि आम्ही कोणाची परवानगी मागणार नाही. दुपारच्या चहापर्यंत जमलं नाही, तर संगणक विहिरीत आणि त्याला हात लावणारे सगळे घरी."

हात लावणाऱ्यांत सगुणाही आली. चहा करणं आणि संगणकावरची धूळ पुसणं हे तिचं काम. पन्नाशीची बाई, पूर्वी गावच्या वाचनालयात होती. तिथं एका संगणकावर आठ जणांची खाती होती आणि आठांचं एकमेकांशी पटत नव्हतं. नोकरी जायची वेळ आली होती, पण सरकारांच्या अटी ऐकून तिला हसूच आलं.

"सरकार, एक विचारू?"

"विचार."

"आपल्या खोलीत आक्कासाहेब येत नाहीत, त्यांच्या खोलीत आपण जात नाही. मग लोक भेटायला आले की दोघं बसता कुठं?"

"दिवाणखान्यात."

"संगणकातही दिवाणखाना आहे. 'पब्लिक' नावाचा फोल्डर. ज्याचं खातं आहे त्या प्रत्येकाला तो उघडतो. फाइल तिथं ठेवायची."

"आणि परवानगी?"

"दुसऱ्याचं उघडायला परवानगी लागते, सरकार. आपलं दाखवायला कशाला लागेल?"

हे सरकारांना फार आवडलं. मग कपाळाला आठी पडली. "आक्कासाहेबांनी खाडाखोड केली तर?"

"फाइल आपली, मर्जी आपली. बाकीच्यांनी नुसतं वाचावं, हात लावू नये, असं करून ठेवू."

दाराच्या पडद्याआडून आक्कासाहेब म्हणाल्या, "सगुणा, माझ्याही फाइलला तसंच कर. पण आधी बाळराजांनी ठेवावी."

साठ वर्षांचे बाळराजे, म्हणजे आपले सरकार, म्हणाले, "आधी त्यांनी."

यात तास गेला. आधी ठेवेल तो नमला, असं दोघांनाही वाटत होतं. इकडे चहा उकळायला लागला. सगुणा तो गाळता गाळता टिपणीसांना जरा मोठ्यानंच म्हणाली, "अहो, दिवाणखान्यात आधी येऊन बसतो तो यजमान ना? मागनं येतो तो पाहुणा."

चहा कपात पडायच्या आत सरकार खुर्चीत होते. आक्कासाहेब धावत बाहेर आल्या, तोवर फाइल ठेवून झाली होती.

"या पाहुणे," सरकार म्हणाले. आठ महिन्यांतलं हे पहिलं बोलणं.

आक्कासाहेबांनी आपलं खातं उघडलं, यादी वाचली आणि मटकन बसल्या. "बाळराजे, व्याह्यांकडची बावन्न माणसं शाकाहारी आहेत? मी अकरा बोकड सांगितलेत."

तिथल्या तिथं बेत बदलला, आचारी एकदाचा कामाला लागला, आणि आक्कासाहेबांची फाइलही दिवाणखान्यात आली. सरकारांनी ती शेवटापर्यंत वाचली. शेवटची ओळ होती : 'वरपिता – मुगाचं वरण, बिनमिठाचं. गोड बंद.'

सरकारांनी ती खोडायचा प्रयत्न केला. संगणक ऐकेना.

"सगुणा, ही ओळ काढ."

"कशी काढू, सरकार? वाचावं, हात लावू नये, हे आपणच तर मागितलंत."

सरकार मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "बरं. माग काय हवं ते."

"एक खातं द्या, सरकार. माझ्या नावाचं. आणि रोज दुपारी तासभर ही खुर्ची."

"खातं? त्यात ठेवणार काय तू?"

"ते आपल्याला दिसणार नाही, सरकार."

सरकार इतके हसले, की त्यांना ठसका लागला. आक्कासाहेबांनी पाठीवर थापट्या मारल्या. ठसका थांबला तसे ते टिपणीसांना म्हणाले, "काढा हिचं खातं. आणि तुम्ही चहा करायला शिका, दुपारी ही कामात असेल."