शिंपिणीचं कोडं

शहरातल्या इमारतींना हिरव्या भिंतींची हौस लागली, त्या काळची ही गोष्ट. पानं शिवून घरटं करणारी एक शिंपीण अशाच एका भिंतीवर आली. तिची अंडी घालायची वेळ जवळ आली होती. तिनं रुंद पान निवडलं, टाका घालायला चोच मारली, तर चोच घसरली. दुसऱ्या पानावरही तेच!

“माझी चोच बोथट झाली की काय?” ती घाबरून म्हणाली. “आणि इथे एकही अळी नाही. पिल्लांना भरवू काय?”

शेजारी बसलेली चिमणी म्हणाली, “अगं, ही प्लॅस्टिकची पानं आहेत. पाय टेकवून बघ, भिंत कशी तव्यासारखी तापलीय.”

शिंपीण गोंधळली. “ताई, सावली नाही, अळी नाही, मग एवढी पानं टांगली कशाला?”

“हिरवं दिसायला.”

“पण कुणाला?”



फाटकाशी पहारेकऱ्याच्या बायकोनं रंगाच्या रिकाम्या डब्यात वांग्याचं रोप लावलं होतं. त्याच्या पानात शिंपिणीची चोच अलगद शिरली. तिनं तिथेच घरटं शिवलं.

दुपारी चिमणीही धापा टाकत त्या रोपाखाली आली. दोघी समोरच्या हिरव्यागार भिंतीकडे बघत बसल्या. कोडं काही सुटेना.