कोरड्या दिवशी भिजलेला मेस्त्री

"मग पाणी येतं कुठून, अक्का? तेवढं सांगा, म्हणजे मी उठतो."

चंद्राक्का सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"कुठलं पाणी?"

"भिंतीवरचं! दहा वेळा सांगितलं की तुम्हाला."

"दोनदाच सांगितलंस. पण ओरडून."

दिगंबर मेस्त्रीनं आवाज खाली आणला.

वळवणी गावाच्या वर, टेकडीवर, हा दोन खोल्यांचा मठ. आत कुणा जुन्या साधूची समाधी आणि बाहेर पडवीत चंद्राक्का. तरुणपणी चुना मळायच्या घाणीवर राबलेली बाई. नवरा गेल्यावर इथं येऊन राहिली ती तीस वर्षं झाली. कधी प्रवचन दिलं नाही, कधी कुणाला पाया पडू दिलं नाही. तरी गावातली भांडणं टेकडी चढून वर यायची आणि उतरताना हलकी होऊन उतरायची. असली माणसं देव मोजकीच घडवतो.

आणि दिगंबर? हात चांगला होता गड्याचा, उगाच नावं ठेवायची नाहीत. कुणाचं घर गळलं की लोक त्यालाच बोलवत. तो शिडीवर चढला की गळती थांबलीच. फक्त डोकं त्या हातावर चढून बसलं होतं.

आता त्याच्याच घराच्या भिंती काळ्या पडल्या होत्या.

बापानं बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर. पावसाळ्यात ओल धरायचं, उन्हाळ्यात वाळायचं. दिगंबरनं गेल्या चैत्रात ते नव्यासारखं केलं. आषाढ लागला आणि कपाटामागं, पलंगामागं, कोपऱ्याकोपऱ्यात बुरशी चढली. पुसली की आठ दिवसांत परत. गोधडीला वास, कपड्यांना वास. मग चार वर्षांच्या लेकीला धाप लागायला लागली. डॉक्टरनं तोंडात मारायचा पंप दिला, त्या दिवशी बायको, सुलभा, पोरीला घेऊन माहेरी निघून गेली.

जाताना एवढंच म्हणाली, "भिंती पांढऱ्या झाल्या की बोलवा. माझी पोर या घरात झोपणार नाही."

सव्वा महिना झाला होता त्याला.

"काय काय केलंस घराला?" अक्कांनी विचारलं.

दिगंबरची छाती फुगली. दुःख सांगायला आलेला माणूस, पण कामाचं नाव काढलं की फुगायचाच.

"मातीचा गिलावा उतरवला, सिमेंट मारलं. त्यावर ऑइल पेंट, तीन हात. कौलाखाली सीलिंग ठोकलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खिडक्या सरकत्या, काचेच्या, कडेनं रबर. डास शिरत नाही, अक्का, पाऊस काय शिरतोय!"

"चूल?"

"काढली. गॅस घेतला."

"धुराचं भोक होतं वर."

"बुजवलं."

"धुतलेले कपडे?"

"माजघरात दोरी बांधलीय. पावसात आणि कुठं वाळत घालणार?"

"अंघोळ?"

"न्हाणीघर आत घेतलं की! बाहेर कशाला जायचं? कढत पाणी काढलं की घरभर वाफ, थंडीच वाजत नाही."

स्वतःच बोलला आणि स्वतःच ऐकलं नाही.

अक्कांनी एक खडा काढून अंगणात टाकला.

"सुलभा काय म्हणायची?"

"ती काय म्हणणार? खिडकी उघडा. भात शिजतोय, खिडकी उघडा. अंघोळ झाली, खिडकी उघडा. बाहेर धो धो कोसळतोय आणि हिला खिडकी उघडायची! मेस्त्री मी आहे की ती? म्हणून म्हणतो अक्का, माझ्या कामात चूक नाही. कौलं तपासली, एक फुटलेलं नाही. भिंत ठोकून बघितली, कुठं पोकळ नाही. बाहेरून पाणी यायला वाटच नाही. मग राहिलं काय? करणी. चुलत्यानं केलंय. मी घर नवं केलं ते त्याच्या डोळ्यात खुपलं. समाधीवरचा अंगारा द्या, चार कोपऱ्यांत टाकतो. आणि चुलत्याचं मग बघतोच मी."

अक्कांनी आता मान वर केली. दिगंबरकडं नाही, त्याच्या अंगाकडं बघितलं.

सकाळपासून चांगली उघडीप होती. कुंपणावर अक्कांचं लुगडं वाळून कडक झालं होतं. तरी दिगंबर गळ्यापर्यंत बटणं लावून रेनकोटात बसला होता. घाटातला पाऊस, कधी येईल काय सांगता येतं?

"नवा दिसतोय."

"नवाच. असला गावात नाही कुणाकडं. एक थेंब आत येत नाही."

"येत नाही?"

"पैज लावा."

"मग काढू नकोस. ती कुऱ्हाड घे, मागं लाकडं पडलीत ती फोड. अंगारा नंतर."

दिगंबर हसला. म्हातारी काम काढून घेते, घेऊ दे. रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढली, बटणं तपासली आणि लागला फोडायला. जांभळीचं लाकूड, गाठीचं. घाव बसेना. अर्ध्या तासानं मान वळवून म्हणाला, "टोपी काढू का?"

"पाऊस आला तर?"

"आभाळ कोरडं आहे की."

"असू दे. तू कच्चं काम करत नाहीस ना?"

हे बरोबर वर्मी लागलं. दिगंबरनं दात आवळले आणि ढीग संपवूनच आला. तोंड लालबुंद. श्वास भात्यासारखा चाललेला... पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला.

"काढ आता," अक्का म्हणाल्या.

बटणं उघडली. आतला सदरा पाठीला चिकटलेला, पिळला तर वाटीभर पाणी निघावं. बाह्यांतून पाणी मनगटावर ओघळलं.

"भिजलास की रे."

दिगंबरनं रेनकोट उलटा केला, उन्हात धरला, बोटांनी शिवणी चाचपल्या. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "फाटलाय. कुठंतरी फाटलाय हा."

अक्कांनी फक्त अंगणाकडं बघितलं.

अंगणात धूळ होती. कोंबडी त्या धुळीत लोळत होती.

दिगंबर अंगणाकडं बघत राहिला. मग रेनकोटाकडं. बाहेरची बाजू कोरडी ठणठणीत होती. आतल्या बाजूला बारीक बारीक थेंब... त्याच्या माजघराच्या भिंतीवर सकाळी असायचे, तसलेच.

मग त्याची नजर मठाच्या भिंतीवर गेली. आला तेव्हाच त्यानं ती बघितली होती आणि मनात हसला होता. मातीचा गिलावा, वर चुना. खिडकीला झडप नाही, नुसते गज. भिंत आणि कौल यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. धुकं एका बाजूनं शिरायचं, दुसऱ्या बाजूनं निघून जायचं. गावात सगळ्यांत जास्त पाऊस या टेकडीवर पडायचा.

भिंत पांढरी होती.

त्यानं जवळ जाऊन भिंतीला तळवा लावला. कोपऱ्यात लावला. समाधीमागं वाकून लावला. हाताला चुना लागला, काळं काही लागलं नाही.

तो तिथंच भिंतीशी बसला.

"भाताची वाफ..." तो म्हणाला. "ओले कपडे... अंघोळीचं पाणी... आमचा तिघांचा श्वास..."

अक्का तांदूळ निवडत होत्या.

"माझी पोर आत होती, अक्का."

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. उठून तांब्याभर पाणी आणलं, त्याच्या हातात दिलं. तो ते घटाघटा प्यायला. डोळे पुसायचे होते ते तोंड पुसल्यासारखं करून पुसले. बाईनं बघून न बघितल्यासारखं केलं. एवढी माया करायलाही मोठं मन लागतं.

थोड्या वेळानं तो उठला. आणि उठल्याबरोबर जुना दिगंबर परत उभा राहिला.

"बस्स, कळलं! आजच सीलिंग उतरवतो. धुराचं भोक फोडतो, पेंट खरवडून चुना देतो. न्हाणीघराला वर झरोका पाडतो. चुलत्याचं नाव घेणार नाही. आणि सुलभाकडं जाऊन सांगतो, बघ, मी शोधून काढलं! घराला मोकळी हवा पाहिजे. खिडकी कधी उघडायची, किती उघडायची, कुठली आधी, सगळं समजावून सांगतो तिला, म्हणजे पुढं तिनं..."

अक्कांनी हात वर केला.

"तिला समजावणार?"

"म्हणजे... सांगायला नको का? अक्का, काही चुकलं का? अजून काही राहिलंय का घरात? सांगा, तेही करतो."

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एक खडा सापडला, तो चिमटीत धरून उजेडात बघितला.

"सगळं पक्कं बंद केलंस रे, दिगंबर," त्या म्हणाल्या. "तोंड तेवढं राहिलं."