तरसाचं लेकरू

त्या राज्यात मेलेल्यांना उचक्या लागत. जिवंतांपैकी कुणी आठवण काढली की नदीच्या पलतीरावरून उचकी ऐकू यायची. ज्याला आठवणारे पुष्कळ, त्याची उचकी थांबायचीच नाही; ज्याला कुणीच नाही, तो गप्प. आणि ज्याची गोष्ट व्हायची, त्याला अंग मिळायचं. ऐन दुपारी तो नदीच्या उतारावरून अलीकडे येऊ शकायचा. अंग मात्र गोष्टीत असेल तेवढंच.

ठकू साळू, अंगभर काट्यांची साळींदर, ही प्राण्यांच्या त्या राज्याची कथेकरीण. दर जत्रेला ती मोठ्या दुष्काळाची गोष्ट सांगे. दुष्ट तरसाने झऱ्यावर धोंडा लोटला, शूर काळविटाने शिंग मोडून घेत तो हलवला, सगळ्यांना पाणी मिळालं. पाहिलं होतं कुणी? कुणीच नाही. पण सांगायला काय जातं!

गोष्ट शिळी झाली होती. गेल्या जत्रेत सशांनी तर सरळ ताणून दिली. मग राज्याचे कारभारी गवा पाटील स्वतः तिच्या दाराशी आले.

“ठकूबाई, शिळ्या कढीला ऊत आणणार तरी किती? या जत्रेत मंडळी रडली नाहीत, तर पुढच्या सालापासून राघू सांगेल.”

“राघू? अहो, त्याला दुसऱ्याचं बोललेलं तेवढं बोलता येतं!”

“आवाज गोड आहे हो त्याचा,” म्हणत पाटील चालते झाले.

ठकूला संताप आला आणि धास्तीही वाटली. कथा गेली तर तिच्यापाशी राहत काय होतं? एक उचकी. तिचा केरू लहानपणीच तापाने गेला होता, पाणी पाणी करत. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून ह्याला जन्मल्याबरोबर केरात लोळवून नाव ठेवलं होतं केरू, म्हणजे यमाला हाव सुटू नये. यम कसला ऐकतोय! रोज संध्याकाळी ती काठावर बसून त्याला आठवायची. मग पलीकडून एक बारीकशी उचकी यायची. त्याला आठवणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिची वाट बघणारंही दुसरं कुणी नव्हतं. ठकूचा जीव तेवढ्यावर तग धरून होता.

जत्रा तोंडावर आली तेव्हा एका दुपारी काळवीट उचक्या देत उतारावरून आला. समोरून झळाळत होता. तो वळला आणि ठकूची बोबडीच वळली. त्याला पाठ नव्हती. मागून तो मधमाश्या सोडून गेलेल्या पोळ्यासारखा पोकळ होता.

“बघितलंस, मावशी?” तो म्हणाला. “पिढ्यान् पिढ्या छाती काढून उभा आहे. बसता येत नाही गं. मला थोडी भीती दे.”

“भीती? आणि तुला?”

“न भिता धोंडा तर पूरही हलवतो. त्याची कुणी गोष्ट सांगतं का?”

भीतीला ठकूपाशी तोटा नव्हता. नदीची होती, पाटलांची होती, आता राघूचीही होती. पाय कसे जड होतात, जीभ टाळूला कशी चिकटते, सगळं तिने त्याला सांगून टाकलं. ऐकता ऐकता काळविटाला पाठ फुटली. थरथरत होती, पण पाठ होती. तो मटकन खाली बसला आणि हुश्श म्हणाला. तो गेल्यावर ठकू पाण्यात गळ्यापर्यंत उतरली, तरी तिला काही म्हणजे काही वाटेना. दिलेलं आपल्यापाशी उरत नाही, हे तिला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दुपारी तरस आला. त्याला पाठ होती, पण तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी नुसते सुळे, हवेत टांगल्यासारखे.

“तुला काय हवंय?” ठकूने विचारलं.

“कारण. मी धोंडा का लोटला?”

“तू दुष्ट म्हणून.”

तो हसला. ते हसू ऐकून झाडावरचे पक्षी उडाले. “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाता तुम्ही कथेकरी, आणि मढ्याला एक कारण देताना जीव जातो होय? घरी असेल की माझं कुणीतरी. तहानलेलं. शेवटचा घोट त्याच्यासाठी राखला असेल मी.”

तो काय मागत होता ते ठकूला नेमकं कळलं.

“दुसरं काहीही माग रे बाबा.”

“दुसरं माझ्या तोंडाला बसत नाही.” मग तो हळूच म्हणाला, “तुझा केरू गोष्टीत आला तर त्याला अंग मिळेल, ठकू. चालत येईल. इथूनच, या उतारावरून.”

तिथे ती फसली. नुसत्या उचकीवर आईचं पोट भरतं थोडंच? तिला तो डोळ्यांनी बघायचा होता. दिलेलं उरत नाही हे ठाऊक असूनही ती स्वतःशी म्हणाली, पोटचा गोळा तो, त्याला आई कशी विसरेल? आणि तिने दिला. मऊ काटे, जे कधी टोचलेच नाहीत. रुसला की भिंतीकडे तोंड करून बसायची सवय. तापातली हाक. कोरडे पडलेले ओठ. तरसाला तोंड फुटलं. देखणं नव्हतं, रडवेलं होतं.

आणि मग जत्रेत काय रंगली म्हणता ती गोष्ट! काळवीट धोंड्यापुढे लटपटला तेव्हा सशांनी श्वास रोखले. तरस धोंड्याला पाठ लावून ओरडला, “आधी माझं पोर पिऊ दे रे!” आणि ज्या बायका वर्षानुवर्षं त्याला शिव्या देत आल्या होत्या, त्यांनीच हंबरडा फोडला. शेवटी धोंडा हलला. पाणी सगळ्यांना मिळालं, त्या पोरापर्यंत तेवढं पोचलं नाही. राघू मान खाली घालून घरी गेला.

गवा पाटील डोळे पुसत पुढे आले. “ठकूबाई, कुठून हो आणलंत ते पोर?”

“सुचलं,” ठकू म्हणाली. खोटं बोलत नव्हती ती.

संध्याकाळी ती सवयीने काठावर जाऊन बसली. कशासाठी आलो ते आठवेना, म्हणून उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी घराघरांत त्या पोराचंच नाव निघत होतं आणि पलतीरावर उचक्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. ऐन दुपारी तरस उतारावरून येताना दिसला. बोटाला धरून एक लेकरू आणलं होतं, मऊ काट्यांचं. ठकूला पाहताच त्याने तरसाचा पंजा सोडला आणि धडपडत, पाणी उडवत ते काठावर आलं.

“आई!”

तरस पाण्यातच थांबला. त्याला वर बघवेना.

किती गोड आहे हो कुणाचं, ठकूला वाटलं. आणि त्याची आई आपल्या मागे उभी असेल, तिला वाट मिळावी म्हणून ती बाजूला सरकली.